कोयत्याला घर हवं : चामड्याचं मापाचं म्यान हाताने कसं शिवायचं

ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल ठरते ती कोयत्यावर आणि हिशोब होतो तोही कोयत्यावर. ज्या हत्याराच्या नावाने माणसं मोजली जातात, त्या हत्याराला ठेवायला मात्र धड जागा नसते. कोयता गोणपाटात गुंडाळतात, नाहीतर कोपीच्या कुडात खोचतात. ट्रॅक्टरमध्ये भांड्यांच्या पोत्यात तो तसाच टाकला जातो आणि त्याच पोत्याला टेकून लेकरं झोपलेली असतात. विळ्याचंही तसंच. गवताच्या भाऱ्यात खोचलेला विळा भारा उतरवताना कुणाच्या हाताला लागेल, याचा नेम नसतो.

गोणपाट पात्याला थांबवत नाही. धार लावलेलं पातं दोन-चार हिसक्यांत कापडातून बाहेर येतं. त्यासाठी पूर्वीपासून माणसाने शोधलेला उपाय म्हणजे चामड्याचं म्यान. तलवारीचं म्यान आपण चित्रात पाहिलेलं असतं. आपल्याला ते शिवायचं नाही. रोजच्या वापरातली सुरी, कोयती, कोयता आणि विळा यांना बसणारं साधं, मजबूत, मापाचं म्यान शिवायचं आहे. हे काम घरी बसून होतं, वीज लागत नाही, मशीन लागत नाही. म्हणूनच ते गटातल्या चार-पाच जणींनी मिळून करण्यासारखं आहे.

ही कला कुणाकडे आहे?

मैत्रिणींनो, शिकायला लांब जायची गरज नाही. आपल्या भागात ढोर समाजाने कातडं कमवायचं आणि चर्मकारांनी त्याच्या वहाणा, वाद्या, विहिरीच्या मोटा शिवायच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मोटेची शिवण पाण्याच्या वजनाने उसवून चालत नसे. इतकं पक्कं काम करणारे हात आपल्या गावात होते आणि त्यांच्याच वस्तीला गावाने बाहेर ठेवलं. कोल्हापुरी चपलेचंच पाहा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून आहे. त्या चपलेवरची वेणी आणि बारीक शिवण बहुतेक घरात बायाच करतात, पण बाजारात कारागीर म्हणून नाव होतं ते पुरुषाचं.

म्हणून पहिली गोष्ट ही की, ज्या ताईच्या घरात रापी आणि आरी आहे, ती आपली शिक्षिका. तिला फुकट राबवून घ्यायचं नाही. शिकवण्याच्या दिवसाचं मानधन ग्रामसंघाच्या ठरावात लिहा. आणि ‘हे काम आमच्यात करत नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर तिला एवढंच विचारा की चप्पल तर रोज घालतेस ना?

चामडं कसं ओळखायचं?

बाजारात कमावलेलं चामडं मुख्यतः दोन प्रकारचं मिळतं. एक झाडपाल्यावर कमावलेलं. त्यात बाभळीची साल, हिरडा असे तुरट पदार्थ वापरतात. कोल्हापुरी चपलेला हेच चामडं लागतं. दुसरं क्रोमवर, म्हणजे रसायनावर कमावलेलं. पर्स, जॅकेट, बूट यांना ते वापरतात.

म्यानाला पहिल्या प्रकारचं चामडं घ्यावं. याची तीन कारणं आहेत. ते कडक आणि भरीव असतं. भिजवून दाबलं की पात्याचा आकार धरतं आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही. शिवाय क्रोमच्या चामड्यात जास्त दिवस राहिलेलं लोखंड लवकर गंजण्याची भीती असते.

ओळखायची सोपी रीत म्हणजे कापलेली कड बघा. झाडपाल्यावरचं चामडं आतून-बाहेरून तपकिरी दिसतं. क्रोमच्या चामड्याची कड बहुतेक वेळा आतून निळसर-करडी असते. दुसरी खूण पाण्याची. न रंगवलेल्या, झाडपाल्यावरच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो मुरतो आणि तिथे गडद डाग दिसतो.

जाडी अडीच ते तीन मिलिमीटर हवी. त्याहून पातळ घेतलं तर पातं आरपार जाऊ शकतं, त्याहून जाड घेतलं तर घडी नीट बसत नाही. म्हशीचं चामडं या कामाला चांगलं. खरेदी करताना कशाचं चामडं आहे ते लिहिलेलं पक्कं बिल घ्या आणि गटाच्या फाईलला लावा. आपल्या राज्यात गोवंशाच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे वाटेत कुणी अडवलं तर कागद हातात असलेला बरा. कोल्हापुरात सुभाषनगर आणि मुंबईत धारावी इथे चामड्याचा बाजार आहे. लांब जाणं जमत नसेल, तर तालुक्यातल्या चप्पल कारागिराबरोबर मिळून माल मागवा. त्याच्याकडे राहिलेले तुकडेही पहिल्या शिकण्याला पुरतात.

साहित्य आणि हत्यारं

रापी, आरी, लाकडी ठोकळा, हातोडी, लोखंडी पट्टी, दोन बोथट टोकाच्या जाड सुया, मेण लावलेला जाड दोरा, चामडं चिकटवायचं सोल्युशन, पॉलिश पेपर, मधमाशीचं मेण, रिव्हेट आणि टिचबटणं. खुणा करायला जेवणाचा जुना काटा चालतो. त्याच्या दातांनी शिवणीच्या रेषेवर सारख्या अंतराचे ठिपके छान उमटतात.

माप हीच खरी कमाई

तयार म्यानं बाजारात मिळतात, पण ती कुठल्याही पात्याला नीट बसत नाहीत. ढिलं म्यान म्हणजे धोका. सुरी आत खुळखुळते, वाकलं की बाहेर पडते. आपल्या मालाला किंमत येईल ती मापामुळे.

हत्यार कागदावर आडवं ठेवा आणि पेन्सिल उभी धरून कडेने रेघ ओढा. पात्याची पाठ जिथे सर्वात जाड आहे तिथली जाडी लिहून घ्या. मोबाईलवर आलेल्या नुसत्या फोटोवरून माप घेऊ नका. फोटो मागवायचाच असेल, तर हत्याराशेजारी पट्टी ठेवून काढायला सांगा. गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारा. उजव्या हाताने वापरता की डाव्या? कमरेला लावायचं की पिशवीत ठेवायचं? मूठ किती जाड आहे? पावसात वापरणार का? उत्तरं त्याच कागदावर लिहा, तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी तीच बाई परत आली तर माप तयार असेल.

एक सोय आणखी. गिऱ्हाइकाला कोयता आठ दिवस सोडून जाणं परवडत नाही. कागदावरच्या रेघेप्रमाणे, तेवढ्याच जाडीची लाकडी फळी कापून घ्या. म्यान त्या फळीवर बसवा. हत्यार त्याच्या घरी राहतं आणि आपल्या हातालाही धार लागत नाही.

सुरीचं म्यान : एक एक पायरी

शिकायला सुरीपासून सुरुवात करा. समजा पातं १५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद आहे.

१. फर्मा. जाड कागदावर पात्याची रेघ काढा. पात्याच्या पाठीकडे ३ मिलिमीटर सोडून घडीची रेघ आखा. धारेकडे २ मिलिमीटर मोकळे सोडा, त्यापुढे १ सेंटिमीटर शिवणीसाठी धरा. म्हणजे अर्धा भाग साडेपाच सेंटिमीटर आणि उघडा फर्मा ११ सेंटिमीटर रुंद झाला. लांबीला टोकाखाली साधारण सव्वा सेंटिमीटर आणि वर मुठीची दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवा. कागदाची घडी घालून सुरी ठेवून बघा. कागद वाया गेला तर चालेल, चामडं नको.

२. कापणं. चामडं लाकडी फळीवर ठेवा. रापी एका दमात खोल दाबू नका, दोन-तीन वेळा फिरवा. दुसऱ्या हाताची बोटं रापीच्या वाटेत कधीच येता कामा नयेत.

३. मधली पट्टी. म्यानाचा प्राण हीच. तीन मिलिमीटर जाड चामड्याची १ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. ती धारेच्या बाजूला, दोन पदरांच्या मध्ये, तोंडापासून टोकापर्यंत बसते. पट्टी नसेल तर धार सरळ दोऱ्यावर घासते आणि महिनाभरात शिवण कापली जाते. पट्टी असली की धार पट्टीवर टेकते आणि दोरा तिच्या पलीकडे सुरक्षित राहतो. पात्याची पाठ जास्त जाड असेल तर दोन पट्ट्या एकावर एक लावा.

४. कमरेची पट्टी. घडी घालण्याआधी मागच्या बाजूला अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी वाकवून शिवून घ्या. नंतर आत हात पोचत नाही. पुरुषांच्या पट्ट्यासाठी दोन बोटं जागा पुरते. आपल्या बायकांना साडीवर किंवा शर्टावरून कापड बांधून कामाला जावं लागतं, म्हणून तिथे चार बोटं जाईल एवढी ऐसपैस जागा ठेवा.

५. घडी आणि चिकटवणं. घडीची रेघ आतून ओल्या फडक्याने भिजवा, सावकाश दुमडा, हातोडीने हलकं ठोका. वाळल्यावर पट्टीच्या दोन्ही बाजूंना आणि म्यानाच्या कडेला सोल्युशन लावा, थोडं सुकू द्या, मग दाबून चिकटवा. हे काम उघड्या पडवीत करा. सोल्युशन पेट घेतं आणि त्याच्या वासाने डोकं दुखतं. जवळ चूल नको, लेकरू नको.

६. भोकं. कडेपासून ४ मिलिमीटरवर रेघ आखा आणि ५ मिलिमीटर अंतराने खुणा करा. खाली ठोकळा ठेवून आरी सरळ उभी दाबा. आरीच्या पलीकडे तळहात कधी धरू नका. आरी तिरपी गेली तर मागची शिवण वाकडी दिसते.

७. दोन सुयांची शिवण. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या. वीस सेंटिमीटर शिवण असेल तर हातात धरायला थोडा जास्त मिळून एक मीटर. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवा. पहिल्या भोकातून दोरा अर्धा काढा. आता प्रत्येक भोकातून डावीकडची सुई उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे काढा, दोन्ही टोकं सारखी ओढा. शेवटी दोन-तीन टाके उलट मागे या आणि दोरा कापा. या शिवणीचा गुण असा की एक टाका तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. मशीनची शिवण एका जागी तुटली की पुढे उसवत जाते. गिऱ्हाईक ‘हातशिलाईला एवढे पैसे का?’ असं विचारेल, तेव्हा हेच उत्तर द्या.

८. कड. तिन्ही पदरांची कड पॉलिश पेपरने घासून एकसारखी करा. किंचित ओली करून गुळगुळीत लाकडाने जोरात घासा. कड चमकू लागते आणि पदर वेगळे दिसत नाहीत.

९. आकार देणं. सुरीला तेलाचा हात फिरवून पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा. म्यान कोमट पाण्यात मिनिटभर बुडवा. सुरी किंवा लाकडी फळी आत घालून बोटांनी सगळीकडून दाबा, मुठीजवळ जरा जास्त. आकार बसला की सावकाश काढा आणि म्यान सावलीत एक दिवस वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलं तर चामडं कडकडीत होऊन तडकतं.

१०. मेण. मधमाशीचं मेण थोड्या खोबरेल तेलात, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. कोमट असताना फडक्याने चोळा. तेल जास्त झालं तर म्यान मऊ पडतं, म्हणून हात आखडता ठेवा. टोकाला एक बारीक भोक पाडा, पाणी आणि माती तिथून निघून जाते.

तयार म्यान उलटं धरून हलकं हलवा. सुरी पडली नाही आणि ओढल्यावर एका हाताने निघाली, तर काम बरोबर जमलं.

कोयता आणि विळा

वाकडं हत्यार सुरीच्या म्यानात शिरत नाही. त्याला उघड्या पाठीचं म्यान लागतं. पात्याच्या आकाराचे दोन तुकडे कापा. फक्त धारेच्या बाजूने आणि टोकाकडे मधली पट्टी घालून शिवा. पाठीकडची बाजू उघडी ठेवा. हत्यार तिथून आत ठेवायचं आणि वरून दोन पट्ट्या टिचबटणाने लावायच्या. विळ्याची धार आतल्या बाजूला असते, म्हणून शिवण आतल्या वळणावर येते. तिथे पट्टी वळवताना ती भिजवून घ्या म्हणजे दुमडत नाही. टिचबटण आणि धार यांच्यामध्ये कायम पात्याची पाठ असली पाहिजे. बटण धारेकडे आलं तर लावताना बोट कापतं.

वापरणारीलाही चार गोष्टी सांगा. म्यान धरताना अंगठा पाठीकडे, धारेकडे नाही. हत्यार पुसून, कोरडं करूनच आत घाला. उसाचा रस आणि पाणी लागलेलं पातं म्यानात गंजतं. हंगाम संपला की हत्यार म्यानातून काढून तेल लावून वेगळं ठेवा. पावसाळ्यात म्यानावर बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसा, वारं लागेल असं टांगा आणि पुन्हा मेण लावा. आणि लोखंड लागलंच, तर हळद दाबून गप्प बसू नका. जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का, ते आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

काय शिवायचं नाही

तलवार, गुप्ती, खंजीर यांच्या म्यानाची ऑर्डर घेऊ नका, पैसे कितीही मिळोत. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांमध्ये मोडतात. घरगुती, शेती आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेल्या हत्यारांना मात्र त्यातून वगळलं आहे. आपण त्याच मर्यादेत राहायचं. ऑर्डरच्या कागदावर ‘शेतीचा कोयता’, ‘स्वयंपाकाची सुरी’ असं स्पष्ट लिहा.

दर कसा ठरवायचा?

खाली एक हिशोब नमुन्यासाठी मांडला आहे. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातले भाव तुम्ही घाला.

चामडं ६० रुपये, दोरा १०, रिव्हेट-बटण १०, मेण आणि पॉलिश पेपर ५, वाया जाणारं ५. मालाचे झाले ९० रुपये. हत्यारांची झीज १० रुपये. काम तीन तास, तासाला ६० रुपये धरले तर १८०. एकूण २८० रुपये. त्यावर गटाचा वाटा दहा टक्के म्हणजे २८. किंमत झाली ३०८, आपण ३१० सांगू.

आता एखादा व्यापारी येईल आणि म्हणेल, ‘ताई, २०० ने द्या, शंभर नग घेतो.’ शंभर नग ऐकून मन हरखतं. पण २०० मधून माल आणि झीज मिळून १०० गेले. उरले १००, तेही तीन तासांचे. तासाला ३३ रुपये पडले. घरी बसून केलेलं काम म्हणून त्याला मजुरी नाही, असं होत नाही. आधी मजुरी लिहायची, मग किंमत बोलायची. ही सवय वहीत पडली तरच धंदा टिकतो.

विक्रीची वेळही बघा. ऊसतोडीची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. कोयत्याची म्यानं त्याआधी तयार हवीत. सुरीची म्यानं शहरातल्या प्रदर्शनात चालतात. ‘उमेद’ची जिल्ह्याची प्रदर्शनं आणि मुंबईचं महालक्ष्मी सरस इथे प्रभाग संघामार्फत नाव देता येतं.

मदत कुठे मिळते?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत चर्मकार, चप्पल-बूट कारागीर आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. म्हणून घरात जी बाई खरंच काम करते, तिचं नाव लागावं यासाठी घरात आधीच बोला. नोंदणी सेवा केंद्रात होते आणि पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. चर्मकार समाजातल्या ताईंसाठी १९७४ साली स्थापन झालेलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळही आहे. त्यांच्या जिल्हा कार्यालयात चालू योजना विचारा.

पण सुरुवातीला कर्जाची गरजच नाही. एक चौरस फूट चामड्यात सुरीची दोन ते तीन म्यानं निघतात. गटाच्या अंतर्गत कर्जातून चार चौरस फूट चामडं आणि एक हत्यारांचा संच घ्या. पाच जणींनी काम वाटून घ्या : एक माप आणि फर्मा, एक कापणी, दोघी शिवण, एक कड आणि मेण. महिन्याने कामं बदला म्हणजे सगळ्यांना सगळं येईल आणि एक जण माहेरी गेली तरी काम अडणार नाही.

पहिली पाच म्यानं विकू नका. आपल्याच गटातल्या, रोज विळा-कोयता हातात धरणाऱ्या बायांना वापरायला द्या. दोन महिन्यांनी बैठकीत ती परत मागवा आणि बघा, कुठे शिवण घासली, कुठे पट्टी तुटली, कुणाला कमरेला टोचलं. जे सुधारायचं ते तिथेच वहीत लिहा आणि मगच पुढचं चामडं कापा.